सातवी ‘ब’चं बीपी

शाळकरी मुलांनाही बीपी असू शकतं, ही बातमी मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आणली, तेव्हा तिथल्या प्रत्येकाने आपापल्या कपात डोकं घातलं. बातमी वाईट होती म्हणून नव्हे. मुख्याध्यापक कुठल्याही बैठकीहून परतले की सोबत एखादं काम घेऊन येतात, आणि ज्याच्याशी पहिल्यांदा नजरानजर होईल त्याच्या गळ्यात ते पडतं, हे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक होतं. गणिताच्या सरांनी चहा संपलेला असूनही कप तोंडाला लावून ठेवला. शिवणाच्या बाई सुईत दोरा ओवायला लागल्या. एकट्या भूगोलाच्या बाई मान ताठ ठेवून मुख्याध्यापकांकडे बघत राहिल्या, कारण नजर खाली घालणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

“वा!” मुख्याध्यापक म्हणाले. “मग ठरलं तर. मुलांचं बीपी तुम्ही मोजायचं.”

भूगोलाच्या बाईंना मुलं पाठीमागे ‘भूकंप’ म्हणत. बाईंना हे माहीत होतं आणि त्यात त्यांना वाईट काही वाटत नव्हतं. निदान नाव विषयाला धरून होतं. त्या जिन्यापाशी आल्या की वरच्या मजल्यावरचे वर्ग गप्प होत. त्यांच्या तासाला पेन्सिल पडली तर ती उचलायची की पडू द्यायची, यावर मुलं आधी विचार करत. एवढ्या वर्षांत त्यांच्या तासाला कुणी पाणी प्यायला किंवा लघवीला जाऊ का असं विचारलं नव्हतं, आणि याचा अर्थ आपला तास मुलांना सोडवत नाही, असा बाईंनी लावला होता.

दिलेलं काम नीट करायचं, या एका गोष्टीवर बाईंचा ठाम विश्वास. आरोग्य खात्याने शाळेला दिलेलं बीपीचं मशीन त्यांनी त्याच संध्याकाळी घरी नेलं, त्यातलं माहितीपत्रक चष्मा लावून दोनदा वाचलं आणि आपल्या मिस्टरांना खुर्चीत बसवलं.

“पाठ टेका. पाय जमिनीला. पायावर पाय नको. हात टेबलावर. बोलायचं नाही.”

“मी कुठे बोलतोय?”

“आत्ता काय केलंत?”

मिस्टरांचा आकडा चांगलाच वर आला. बाईंनी दुसऱ्यांदा मोजलं, तो आणखी वर गेला. त्या दिवसापासून मिस्टरांच्या ताटातलं मीठ बंद झालं. मिस्टर स्वभावाने गरीब. ताटात येईल ते जेवू लागले.

मशीन घरात आल्याची बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या काकू आल्या. त्यांचं म्हणणं, मुलांना मोजायच्या आधी काकडी खायला द्यावी, म्हणजे सगळ्यांचं बरोबर येतं. “अहो काकू, बरोबर यावं म्हणून नाही मोजायचं, काय आहे ते कळावं म्हणून मोजायचं,” बाई म्हणाल्या. काकूंना हे पटलं नाही. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आले आणि जुनी पाऱ्याची मशीनं तेवढी खरी, ही नवी सगळी अंदाजपंचे, असं सांगून त्याच अंदाजपंचे मशीनवर स्वतःचं दोनदा मोजून घेऊन गेले.

पण माहितीपत्रकाने एक गोष्ट बाईंच्या ध्यानात आणून दिली. मशीनला दंडावर बांधायचा पट्टा मोठ्या माणसांचा होता. मुलाच्या बारीक दंडाला तो ढगळ होणार आणि आकडा चुकीचा येणार. लहान पट्टा हवा. त्यासाठी बाई अर्धी रजा टाकून आरोग्य खात्याच्या भांडारात गेल्या.

“लहान पट्टा आहे,” खिडकीतला कारकून म्हणाला. “मोठा जमा करा, लहान घेऊन जा.”

बाईंनी मोठा पट्टा काढून दिला.

“हा मशीनसोबत दिलाय. नुसता पट्टा जमा होत नाही. मशीनही जमा करा.”

बाईंनी मशीनही दिलं. कारकुनाने ते आत नेऊन ठेवलं आणि परत येऊन बसला.

“आता लहान पट्टा द्या.”

“कशाला? तुमच्याकडे मशीन कुठे आहे?”

दुसरं कुणी असतं तर आवाज चढवला असता. बाईंनी चष्मा नाकावर थोडा खाली घेतला आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. कारकून लहानपणी कुठल्यातरी शाळेत गेला असणारच. आधी त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं, मग पाठ सरळ केली, आणि मग आत जाऊन मशीन, मोठा पट्टा, लहान पट्टा आणि न मागता नव्या बॅटऱ्या असं सगळं आणून खिडकीत ठेवलं. बाई मान हलवून निघाल्या. आपल्या नजरेचा असा उपयोग होतो, याचं त्यांना त्या दिवशी समाधान वाटलं. तेच समाधान पुढे त्यांच्या अंगाशी येणार होतं.

सुरुवात सातवी ‘ब’पासून झाली. प्रयोगशाळेत टेबल लावलं, एक खुर्ची बाईंची, एक मुलाची. मोजण्याआधी प्रत्येकाने पाच मिनिटं शांत बसायचं असं माहितीपत्रकात होतं. शांतता हा बाईंचा हातखंडा. अख्खा वर्ग भिंतीशी ओळीने बसवून त्यांनी जाहीर केलं, “कुणी हालचाल केली तर याद राखा.” कुणी केली नाही. काहींनी तर श्वासही जपूनच घेतला. एकेक मूल पुढे येई, खुर्चीच्या काठावर बसे, बाई दंडाला पट्टा बांधत, मशीन घरघरे आणि आकडा उमटे. पहिल्याचा वर. दुसरीचा वर. तिसऱ्याचा आणखी वर, आणि त्याला घाम फुटलेला. रांग संपली तेव्हा निम्म्याहून जास्त वर्गाला बीपी निघालं होतं.

वर्गात ‘भोंगा’ नावाची एक मुलगी होती. खरं नाव हजेरीत असेल. पण आवाजामुळे तिला सगळे भोंगाच म्हणत, आणि तिचीही त्याला हरकत नव्हती. आपला आकडा बघून ती म्हणाली, “एकशे अडतीस! बाई, वर्गात पहिली आले का मी?”

“गप्प बस,” बाई म्हणाल्या आणि पुढच्याला बोलावलं.

मुख्याध्यापकांनी तो निकाल वाचला आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या उपाहारगृहातलं मीठ कपाटात बंद झालं. तिसऱ्या दिवशी खेळाचा तास रद्द होऊन त्या जागी डोळे मिटून शांत बसण्याचा तास आला, त्यात निम्मी मुलं झोपली आणि उरलेल्यांनी झोपलेल्यांच्या बुटांच्या नाड्या एकमेकांना बांधल्या. गणिताच्या सरांनी गृहपाठ मागितला तर मुलं छातीवर हात ठेवून म्हणू लागली, “सर, मला बीपी आहे.” पालक आले. एका वडिलांचं म्हणणं दप्तराच्या ओझ्यामुळे हे झालं, एका आईचं म्हणणं पंख्याखाली बसवल्यामुळे. एक गृहस्थ आपल्या मुलाला भूगोलाच्या चाचणीतून सूट मिळावी म्हणून आले होते. “बाकीच्या विषयांचं चालेल,” ते म्हणाले. “फक्त भूगोलाचं तेवढं बघा.” बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. गृहस्थांनी कपाळ पुसलं आणि विषय बदलला.

शेवटी मुख्याध्यापकांनी मुलांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर वयाने तरुण, बोलायला मोकळ्या. त्या प्रयोगशाळेत मागच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “बाई, तुम्ही नेहमी जसं मोजता तसंच मोजा. मी नुसती बघते.”

बाईंनी चारपाच मुलांचं मोजलं. पट्टा योग्य, हात योग्य उंचीवर, पाठ टेकलेली, सगळं माहितीपत्रकाबरहुकूम. आकडे सगळे वर.

“छान,” डॉक्टर म्हणाल्या. “अगदी पद्धतशीर. आता याच मुलांचं दुसऱ्या कुणीतरी मोजूया का? त्या कोण, शिवणाच्या बाई? या ना.”

शिवणाच्या बाई आल्या. त्यांनी पट्टा एकदा उलटा बांधला, एकदा मशीन सुरू करायला विसरल्या, आणि प्रत्येक मुलाला विचारलं, “काय रे बाळा, डबा खाल्लास का?” मुलं खुर्चीत मागे सरकून ऐसपैस बसली. थोडं थांबून मोजलं तर आकडे उतरलेले. सगळ्यांचे.

डॉक्टरांनी घसा साफ केला. “त्याचं काय असतं, काही मुलांचं बीपी दवाखान्यात डॉक्टरचा पांढरा कोट बघून वाढतं. तो आजार नसतो, घाबरल्यामुळे तेवढ्यापुरतं वाढतं. इथे आता कोट काही नाहीये…” आणि त्या थांबल्या.

सगळ्यांच्या नजरा भूगोलाच्या बाईंकडे वळल्या, आणि वळू नयेत हे लक्षात येताच परत फिरल्या. दारात उभ्या गणिताच्या सरांना ठसका लागला.

“बाई, वाईट वाटून घेऊ नका,” मुख्याध्यापक म्हणाले. “हे शास्त्र आहे.”

बाईंनी मशीन बंद केलं, नळी नीट गुंडाळून पेटीत ठेवली आणि पेटी शिवणाच्या बाईंकडे सरकवली. “उद्यापासून तुम्ही मोजा,” त्या म्हणाल्या आणि ताठ मानेने बाहेर पडल्या. पण जिना उतरताना त्यांनी कठडा धरला, जो त्या एरवी धरत नसत.

मुलं घाबरतात हे बाईंना ठाऊक होतं. घाबरण्याला त्या शिस्त म्हणत. पण शिस्त कुणी अशी आकड्यात मोजून त्यांच्या समोर ठेवली नव्हती. कुणाची शिस्त वीसने वर, कुणाची तीसने. त्या तिसऱ्या मुलाचा ओला तळहात त्यांना राहून राहून आठवत होता. त्यांनी तो घाम उकाड्याचा धरला होता.

रात्री जेवताना त्यांनी मिस्टरांना सगळं सांगितलं.

“तसं माझंही औषधाच्या दुकानात मोजलं तर बरोबर येतं,” ते म्हणाले.

“कधी मोजलंत?”

“मीठ बंद झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“मग बोलला का नाहीत?”

मिस्टरांनी अळणी आमटीत पोळी बुडवली. बाईंनी उठून मिठाची बरणी आणून त्यांच्यासमोर ठेवली.

पुढचे काही दिवस शिवणाच्या बाईंनी निवांत मोजमाप केलं. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं की सातवी ‘ब’ ठणठणीत आहे. उपाहारगृहातलं मीठ सुटलं, खेळाचा तास परत आला, गृहपाठाची सबब गेली. भूगोलाच्या बाई वर्गात थोडं हळू बोलायला लागल्या, तर मुलं आणखीनच घाबरली. भूकंपाच्या आधी अशीच शांतता असते, असं त्यांनीच तर शिकवलं होतं.

एका दुपारी शिवणाच्या बाईंना त्यांनी सहज विचारलं, “सगळ्यांचं खाली आलं ना?”

“सगळ्यांचं,” शिवणाच्या बाई काजं करता करता म्हणाल्या. “म्हणजे, त्या भोंग्याचं सोडून. पण ती मैदानातून धावत आली होती. मी म्हटलं, जाऊ दे बाळा, तुला काय होतंय.”

“किती आलं?”

“होतं असंच एकशे छत्तीसच्या आसपास. अहो, ती पोरगी जागेवर बसते का कधी!”

बाई ‘बरं’ म्हणून निघाल्या. पण बाईंच्या विषयात प्रत्येक गोष्टीला कारण लागतं. डोंगर आडवा असेल तर पाऊस अडतो, उतार असेल तर नदी वळते. उगीच काही होत नाही. बाकीच्या मुलांचा दाब का वाढला, याचं कारण त्यांना आता चांगलंच कळलं होतं, बोचेल इतकं कळलं होतं. घरी पोचून कुलपात किल्ली घालता घालता त्यांचा हात थांबला. भोंगा त्यांना घाबरत नव्हती. अजिबात नाही. नकाशात उत्तर वरच का, खाली का नाही, यावरून तिने भर वर्गात वाद घातला होता आणि तास संपल्यावरही मागे मागे आली होती. मग तिचा दाब कशाने वाढला?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी शिवणाच्या बाईंकडून मशीन मागून घेतलं आणि भोंग्याला प्रयोगशाळेत बोलावलं. या वेळी टेबल खिडकीपाशी नेलं, स्वतःची खुर्ची समोरून उचलून बाजूला घेतली.

“बस. धावत आलीस का?”

“नाही बाई. डबा खात होते.”

“लघवीला जाऊन आलीस?”

भोंग्याने डोळे विस्फारले. बाईंच्या तोंडून हा शब्द शाळेत प्रथमच निघत होता. “आले.”

“एक विचारते. खरं सांगायचं. मला घाबरतेस का तू?”

“खरं सांगू?”

“तेच म्हणतेय.”

“नाही बाई. रागावू नका हं.”

एरवी बाई रागावल्या असत्या. त्या दिवशी नेमकं हेच उत्तर त्यांना नको होतं. पाच मिनिटं दोघी खिडकीबाहेर बघत गप्प बसल्या. भोंग्याला ते फार जड गेलं, पण तिने निभावलं. बाईंनी पट्टा बांधला. एकशे अडतीस. थोडं थांबून पुन्हा मोजलं. एकशे छत्तीस. दुसऱ्या दिवशी मोजलं, तिसऱ्या दिवशी मोजलं, आकडा तिथेच ठाण मांडून बसलेला.

“डोकं दुखतं का गं कधी?”

“सकाळी दुखतं. आई म्हणते ओरडतेस म्हणून.”

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. मुख्याध्यापकांनी दोन्ही हात जोडले. “बाई, पुरे आता! आत्ता कुठे पालक शांत झालेत. मी जाहीर करून बसलोय. आणि स्पष्ट बोलतो, तुम्ही मोजलेल्या आकड्याला आता कोण विचारतो?”

ते खरंच होतं. शाळा सुटल्यावर बाई भोंग्याच्या घरी गेल्या. तिच्या आईचं इस्त्रीचं दुकान, दुकानामागेच घर. आईने बाईंना स्टूल दिलं, इस्त्री उभी करून ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं.

“बाई, राग मानू नका,” ती म्हणाली, “पण तुम्ही मोजलं की सगळ्याच पोरांचं वाढतं म्हणे. माझी पोर बघा की, दिवसभर घोड्यासारखी उधळते. तिला कसला आलाय आजार?”

बाईंच्या ओठांवर बरंच काही आलं. पद्धत, पट्टा, माहितीपत्रक. ते सगळं त्यांनी गिळलं.

“बरोबर आहे तुमचं,” त्या म्हणाल्या. “माझ्यावर विश्वास ठेवू नका. डॉक्टरांकडे चला, त्या मोजतील. मी खोलीतसुद्धा येणार नाही, बाहेर थांबते. त्यांनी ठीक म्हटलं तर मी सगळ्या वर्गासमोर सांगेन की माझं चुकलं.”

भोंग्याच्या आईने त्यांच्याकडे पाहिलं. भूगोलाच्या बाई चुकलं म्हणतील हे तिला खरं वाटलं नसावं, पण त्या इस्त्रीच्या धगीत स्टुलावर बसून राहिल्या होत्या आणि उठायचं नाव घेत नव्हत्या. तिने इस्त्रीची वायर काढली. “चला.”

दवाखान्यात बाई बाकावर बसून राहिल्या. मायलेकींना आत जाऊन बराच वेळ झाला. आतून भोंग्याचा आवाज येत होता तोवर बरं होतं. मग तो थांबला आणि बाईंना काही सुचेना. आपलं चुकलेलंच निघावं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं. अख्ख्या वर्गासमोर उभं राहून चुकलं म्हणायची वाक्यंसुद्धा त्यांनी मनात जुळवून ठेवली.

दार उघडून डॉक्टर बाहेर आल्या. “बाई, तुमचा आकडा बरोबर आहे. या तुम्हीही आत.”

लहानपणी भोंग्याला वारंवार ताप यायचा. औषध दिलं की उतरायचा, म्हणून कुणी खोलात गेलं नव्हतं. तपासण्या झाल्या, मोठ्या दवाखान्यात जाऊन यावं लागलं, आणि कळलं की ते ताप लघवीच्या जंतुसंसर्गाचे होते आणि त्या संसर्गाने एका मूत्रपिंडावर व्रण ठेवून दिलाय. दाब त्यामुळे वाढतोय. असाच वर्षानुवर्षं वाढत राहिला असता तर मूत्रपिंड गेलं असतं, शिवाय काय काय झालं असतं ते डॉक्टरांनी भोंग्याला बाहेर पाठवून सांगितलं. आता रोज एक गोळी, आणि दर आठवड्याला मोजायचं. भोंग्याच्या आईने बाईंचा हात धरला तो दवाखान्याच्या फाटकापर्यंत सोडला नाही, आणि बाईंनीही सोडवून घेतला नाही.

मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी शाळेच्या दक्षतेबद्दल लांबलचक भाषण केलं. त्यात ‘आम्ही’ हा शब्द पुष्कळदा आला.

दर आठवड्याचं मोजमाप शाळेतच करायला डॉक्टरांनी सांगितलं. मशीन शिवणाच्या बाईंकडेच होतं, पण भोंगा प्रयोगशाळेच्या दारात अडून बसली. “मला भूगोलाच्या बाईच पाहिजेत. शिवणाच्या बाई उलटा पट्टा बांधतात.” तेव्हा मशीन परत भूगोलाच्या बाईंकडे आलं. पहिल्या आठवड्यात आकडा थोडा उतरला, दुसऱ्यात अजून थोडा. डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली. मग एका दुपारी बाईंनी पट्टा बांधला, मशीन घरघरलं आणि आकडा उमटला: एकशे बारा.

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. पुन्हा मोजलं. तेवढाच.

“किती बाई?”

“एकशे बारा.”

“म्हणजे?”

“म्हणजे ठीक आहे. अगदी ठीक.” बाईंना आणखी काहीतरी म्हणायचं होतं. मुलांशी असं काही बोलायची सवय नसल्याने शब्द सापडेनात. त्यांनी कपाटातून कोऱ्या नकाशांचा गठ्ठा काढला आणि भोंग्यासमोर ठेवला. “दवाखान्यापायी तुझे सगळे नकाशे राहिलेत. आता काही सबब नाही. बस इथेच.”

भोंग्याने गठ्ठ्याकडे पाहिलं. “हे सगळे? बाई, मी आजारी आहे!”

“एकशे बाराला कुणी आजारी नसतं.”

तिने तणतणत रंगपेटी उघडली. बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या, गठ्ठ्यातले वरचे दोन नकाशे स्वतःकडे घेतले आणि पेन्सिलीला टोक काढू लागल्या. थोडा वेळ गेला.

“बाई, अजून एकदा मोजता का? वाढलं असेल आता.”

“नाही वाढत,” बाई म्हणाल्या. “नद्या निळ्या रंगव.”